जस्टिफाय केल्यावर ओळी ताणल्या जातात, फटी पडतात किंवा काहीच होत नाही: कारणं आणि उपाय

मजकूर दोन्ही समासांना भिडावा, म्हणजेच जस्टिफाय व्हावा, म्हणून आपण तो निवडतो, कंट्रोल आणि जे दाबतो, आणि बहुतेक वेळा काम होतं. पण काही तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. परिच्छेदातली एकच ओळ अशी ताणली जाते की तीन शब्द पानभर पसरतात. कधी बटण दाबूनही उजवी कड खालीवरच राहते. कधी सगळ्याच ओळींत मोठमोठ्या फटी पडतात. आणि सगळ्यात वैताग आणणारा प्रकार म्हणजे काल नीट लावलेलं पान आज उघडावं तर पुन्हा विस्कटलेलं.

अशा वेळी हात आपोआप स्पेसबारकडे जातो. इथे एक जागा वाढवली, तिथे एक काढली, मध्येच एंटर मारला, की ती ओळ तेवढ्यापुरती जमते. मग वरच्या परिच्छेदात कोणी एक शब्द घालतं आणि खालचं सगळं सरकतं. ही समस्या वारंवार परत येते त्याचं मुख्य कारण ही हाताने केलेली डागडुजीच आहे. म्हणून उपायाआधी हे बटण नेमकं काय करतं ते पाहू.

प्रोग्रॅम ओळीत मावतील तेवढे शब्द भरतो. पुढचा शब्द मावत नसेल तर तो अख्खा खालच्या ओळीत जातो. उजव्या समासापर्यंत जी जागा उरते ती त्या ओळीतल्या शब्दांमधल्या जागांमध्ये सारखी वाटली जाते. परिच्छेदाची शेवटची ओळ या वाटपातून वगळलेली असते, ती डावीकडेच थांबते. काम एवढंच. छापखान्यात धातूचे खिळे जुळवण्याच्या काळातही तत्त्व हेच होतं. १८८६ साली वापरात आलेल्या लायनोटाइप यंत्रात शब्दांच्या मध्ये पाचरीच्या आकाराच्या पट्ट्या असत. ओळ भरली की त्या सगळ्या एकदम वर ढकलल्या जात, आणि ओळ पूर्ण रुंदीची होईपर्यंत प्रत्येक जागा सारखीच रुंदावत जाई.

यात तीन गोष्टी प्रोग्रॅमने स्वतःच ठरवलेल्या असतात: ओळ कुठे संपली, परिच्छेद कुठे संपला आणि जागा कशाला म्हणायचं. तुमच्या डोळ्यांना दिसतं ते आणि प्रोग्रॅमने धरलंय ते वेगळं निघालं, की जस्टिफिकेशन बिघडतं. माझा अनुभव असा की जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ इथेच सापडतं.

पहिलं काम: लपलेल्या खुणा उघड करा

वर्डमध्ये होम टॅबवर परिच्छेदाच्या बटणांजवळ ¶ असं चिन्ह आहे, ते दाबा. किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि वरच्या ओळीतला ८ एकत्र दाबा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ १०. गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेनूत 'शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स' असा पर्याय आहे. या खुणा छपाईत येत नाहीत, त्यामुळे काम करताना त्या खुशाल चालू ठेवाव्यात. सुरुवातीला पान गजबजलेलं वाटतं, पण थोड्या वेळात डोळ्यांना सवय होते.

वर्डमध्ये दिसणाऱ्या खुणांचा अर्थ असा. ¶ म्हणजे इथे एंटर मारलाय, परिच्छेद संपला. डावीकडे वळलेला बाण, ↵, म्हणजे शिफ्ट आणि एंटर मारलाय: ओळ तोडलीय, पण परिच्छेद चालूच आहे. मधोमध बारीक ठिपका म्हणजे साधी जागा. उजवीकडे जाणारा बाण म्हणजे टॅब. आणि अंशाच्या चिन्हासारखं छोटं वर्तुळ, °, म्हणजे न तुटणारी जागा, म्हणजे नॉनब्रेकिंग स्पेस. ही शेवटची खूण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि त्रासही तीच बराच देते.

आता बिघडलेल्या ओळीकडे पाहा. पुढचं सगळं तिथे कोणती खूण दिसते यावर ठरतं.

एकच ओळ ताणली गेली असेल तर

ओळीच्या शेवटी ↵ दिसतोय का? दिसत असेल तर कारण सापडलं. शिफ्ट-एंटरने ओळ तुटते, पण परिच्छेद संपत नाही. त्यामुळे प्रोग्रॅमच्या लेखी ती मधली ओळ असते, आणि मधली ओळ दोन्ही समासांना भिडलीच पाहिजे. 'आपला विश्वासू' हे दोन शब्द पानाच्या दोन टोकांना जातात ते यामुळेच.

तिथे नवा परिच्छेद सुरू व्हायला हवा असेल तर ↵ खोडून साधा एंटर मारा. एंटरने परिच्छेदांमध्ये जास्त अंतर पडतं म्हणून बरेच जण शिफ्ट-एंटर वापरतात. ते अंतर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'स्पेसिंग आफ्टर' शून्य केलं की जातं, आणि तोच योग्य मार्ग आहे.

कधी ओळ तोडणं खरंच गरजेचं असतं, परिच्छेद तोडायचा नसतो. पत्ता असतो, कवितेचं कडवं असतं. अशा मजकुराला जस्टिफाय करण्यात काहीच अर्थ नाही. तो परिच्छेद निवडा आणि कंट्रोल-एल दाबून डावीकडे लावा. एखाद्या मोठ्या परिच्छेदात मध्येच एखादी ओळ तोडायची असेल तर वर्डमध्ये ↵ च्या लगेच आधी एक टॅब द्या. ती ओळ ताणली जात नाही.

संपूर्ण दस्तऐवजात अशा ओळी पसरलेल्या असतील तर वर्डमध्ये एक सेटिंग आहे. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे अगदी तळाशी 'लेआउट ऑप्शन्स'. त्यात 'डोन्ट एक्स्पांड कॅरेक्टर स्पेसेस ऑन अ लाइन दॅट एंड्स विथ शिफ्ट-रिटर्न' या ओळीपुढे खूण करा. ही सेटिंग त्या दस्तऐवजापुरती असते, म्हणून दुसऱ्या फाइलमध्ये त्रास पुन्हा दिसला तर दचकू नका. पुढच्या सगळ्या नव्या फाइलींना ती लागू करायची असेल तर त्याच ठिकाणी दस्तऐवजाच्या नावाच्या यादीतून 'ऑल न्यू डॉक्युमेंट्स' निवडा. रायटरमध्ये हीच सोय टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस रायटर, कंपॅटिबिलिटी इथे आहे. तिथे हाताने तोडलेल्या ओळींतल्या जागा ताणण्याचा पर्याय असतो, त्याची खूण काढायची.

↵ कुठेच नाही, तरी परिच्छेदाची शेवटची ओळ ताणली गेलीय आणि शब्दांतली अक्षरंही विलग दिसताहेत? मग जस्टिफायऐवजी 'डिस्ट्रिब्यूटेड' लागलंय. गूगल डॉक्समध्ये जस्टिफाय करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-जे दाबतात. वर्डमध्ये त्याच तीन कळा डिस्ट्रिब्यूटेडच्या आहेत. दोन्हीकडे काम करणाऱ्यांच्या हातून हे नेहमी होतं. डिस्ट्रिब्यूटेड शेवटच्या ओळीलाही सोडत नाही आणि अक्षरांमध्येही जागा घालतं. रोमन लिपीत ते एकवेळ खपून जातं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटल्यासारखी दिसते आणि शब्द वाचायलाच जड जातो. परिच्छेद निवडून नुसतं कंट्रोल-जे दाबा. रायटरमध्ये शेवटची ओळ ताणली जात असेल तर परिच्छेदाच्या अलाइनमेंट टॅबवर 'लास्ट लाइन' पाहा. तिथे जस्टिफाइड निवडलेलं असेल तर ते बदला.

जस्टिफाय करूनही काहीच होत नसेल तर

इथे खुणा दाखवल्या की बहुधा प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ दिसतो. मजकूर पीडीएफमधून किंवा ईमेलमधून उचलून चिकटवलेला असला की असं होतं. चिकटवताना मूळ पानावरची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद बनली. प्रत्येक परिच्छेद एका ओळीचा, म्हणजे प्रत्येक ओळ ही शेवटची ओळ. शेवटच्या ओळीला जस्टिफाय लागूच होत नाही. बटण बरोबर काम करतंय, त्याच्यापुढे भरण्याजोगी ओळच नाहीये.

ओळी जोडायला हव्यात, पण खरे परिच्छेद मात्र जपायचे आहेत. पाच-दहा ओळी असतील तर हाताने जोडा. पानंच्या पानं असतील तर आधी फाइलची प्रत काढून ठेवा, तेवढाच भाग निवडा आणि फाइंड-रिप्लेसने तीन टप्प्यांत काम करा. मथळे, याद्या आणि तक्ते निवडीच्या बाहेर ठेवा, नाहीतर तेही एकमेकांत मिसळतील.

वर्डमध्ये कंट्रोल-एचने चौकट उघडा. 'मोअर' दाबलं की खाली 'स्पेशल' नावाचं बटण दिसतं. त्यातून 'पॅराग्राफ मार्क' निवडता येतो, संकेत पाठ करावे लागत नाहीत. पहिल्या टप्प्यात शोधायच्या रकान्यात पॅराग्राफ मार्क लागोपाठ दोनदा टाका, कारण खऱ्या परिच्छेदांमध्ये सहसा एक रिकामी ओळ असते. त्याजागी मजकुरात कुठेच नसलेली खूण घाला, उदाहरणार्थ @@@. दुसऱ्या टप्प्यात एकच पॅराग्राफ मार्क शोधा आणि त्याजागी एक जागा द्या. आता सगळ्या ओळी एकमेकींना जोडल्या जातील आणि पान क्षणभर भयंकर दिसेल. तिसऱ्या टप्प्यात @@@ च्या जागी पॅराग्राफ मार्क घाला, की खरे परिच्छेद परत येतात. क्रम बदलू नका. दुसरा टप्पा आधी केला तर परिच्छेद कुठे संपत होते हे सांगणारी एकही खूण उरत नाही.

मूळ मजकुरात परिच्छेदांमध्ये रिकामी ओळच नसेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा आधी वाचत वाचत प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी @@@ हाताने घालावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण विश्वासाचं आहे. त्यानंतर दुसरा आणि तिसरा टप्पा तसाच. ओळींच्या शेवटी ¶ ऐवजी ↵ असतील तर 'स्पेशल'मधून 'मॅन्युअल लाइन ब्रेक' निवडा, बाकी रीत तीच.

रायटरमध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' आणि 'करंट सिलेक्शन ओन्ली' या दोन्हींवर खूण करा. रिकाम्या परिच्छेदासाठी ^$ शोधा आणि @@@ घाला. मग नुसतं $ शोधून एक जागा द्या. शेवटी @@@ शोधा आणि रिप्लेसच्या रकान्यात उलटी तिरकी रेघ व लगेच इंग्रजी छोटा एन लिहा, त्याने नवा परिच्छेद सुरू होतो.

जोडणी झाली की दोन गोष्टी तपासा. पीडीएफमध्ये ओळीच्या शेवटी शब्द तोडून हायफन दिलेला असेल तर तो आता ओळीच्या मधोमध येऊन बसलेला असतो. हायफन आणि त्यापुढची जागा असं शोधा, आणि एकेक पाहून काढा. सरसकट काढायला जाऊ नका, कारण खरे हायफनही त्यात असतात. दुसरं, जोडताना दोन जागा शेजारी आलेल्या असतात. दोन जागा शोधून एक घाला, आणि 'काही सापडलं नाही' असा निरोप येईपर्यंत हे पुन्हा करा. जस्टिफाय केलेल्या ओळीत प्रत्येक जागा वेगळी मोजली जाते, म्हणून जोडजागेच्या ठिकाणी फट दुप्पट होते.

उजवी कड सरळ आहे, पण शेजारच्या परिच्छेदाशी जुळत नाही, असं असेल तर परिच्छेदाचा उजवा इंडेंट, म्हणजे उजव्या समासापासून आत सोडलेलं अंतर, पाहा. तो शून्य केला की झालं.

सगळीकडेच फटी पडत असतील तर

हे दुखणं इतरांपेक्षा खोल आहे, आणि मराठी लिहिणाऱ्यांना जास्त जाणवतं.

आधी साधा हिशोब करू. समजा ओळीत १२ मिलिमीटर जागा उरली. ओळीत १३ शब्द असतील तर त्यांच्यात १२ जागा असतात, प्रत्येकीच्या वाट्याला १ मिलिमीटर येतो. डोळ्याला कळतही नाही. त्याच ओळीत ५ शब्द असतील तर जागा ४, आणि प्रत्येकीच्या वाट्याला ३ मिलिमीटर. ती फट लगेच खुपते. म्हणजे फटी मोठ्या व्हायला दोन गोष्टी कारणीभूत असतात: ओळीत शब्द कमी असणं, आणि शब्द लांब असल्याने उरणारी जागा जास्त असणं.

मराठीत या दोन्ही एकदम येतात. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दाला जोडून लिहितो. 'अर्थसंकल्पाविषयीच्या', 'पुनर्विकासासंदर्भातील', 'विद्यार्थ्यांबरोबरच' असा शब्द ओळीच्या शेवटी आला आणि मावला नाही, की अख्खा खाली जातो आणि मागे मोठं भगदाड ठेवतो.

त्यात स्तंभ अरुंद असेल तर बघायलाच नको. ए ४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना २५.४ मिलिमीटरचा समास सोडला की मजकुराला १५९ मिलिमीटर मिळतात. मध्ये १२.७ मिलिमीटर सोडून दोन स्तंभ केले की प्रत्येकाला फक्त ७३. एवढ्या रुंदीत १४ पॉइंटचा मराठी मजकूर जस्टिफाय केला आणि लांब शब्द आले, तर फटी पडणारच. त्या कुठल्याही सेटिंगने पूर्ण जाणार नाहीत.

प्रोग्रॅमच्या पद्धतीचाही यात भाग आहे. साधे वर्ड प्रोसेसर एका वेळी एकच ओळ भरतात, आणि पुढच्या ओळीचं काय होईल याचा विचार करत नाहीत. डोनाल्ड कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दुसरी पद्धत मांडली: अख्खा परिच्छेद एकदम पाहायचा आणि सगळ्या ओळींतल्या जागा मिळून कमीत कमी ताणल्या जातील अशा ठिकाणी ओळी तोडायच्या. टेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली तसंच करते. पानं मांडण्याच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्येही 'पॅराग्राफ कंपोझर' नावाची तशी सोय आहे. संपूर्ण पुस्तक दोन्ही समासांना भिडवून छापायचं असेल, तर या साधनांकडे वळणं श्रमाचं असलं तरी योग्य आहे. टेक्समध्ये मराठी शब्द कुठे तोडावेत याचे नमुनेही उपलब्ध आहेत.

वर्ड किंवा रायटरमध्येच राहायचं असेल तर मी उपाय या क्रमाने करीन. आधी ओळ लांब करा: स्तंभ एकच ठेवा, समास थोडे कमी करा किंवा अक्षर एक-दोन पॉइंटांनी लहान करा. अर्ध्याअधिक फटी इथेच आटोक्यात येतात.

मग शब्द तोडण्याची सोय पाहा. वर्डमध्ये लेआउट टॅबवर हायफनेशन, त्यात ऑटोमॅटिक. रायटरमध्ये परिच्छेदाच्या टेक्स्ट फ्लो टॅबवर. मात्र आपोआप हायफन पडणं मजकुराला कोणती भाषा लावलेली आहे यावर अवलंबून असतं. त्या भाषेचे नियम प्रोग्रॅमकडे नसतील तर सोय चालू करूनही फरक पडत नाही. मराठी मजकुरात रोमन लिपीतले इंग्रजी शब्द बरेच असतील तर त्यांच्यापुरता उपयोग नक्की होतो.

एक धोका इथे आवर्जून सांगायला हवा. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर प्रोग्रॅमच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचा असतो. दिसतो मराठी, साठवलेला असतो रोमन संकेतांत. अशा फाइलमध्ये ऑटोमॅटिक हायफनेशन चालू केलं तर इंग्रजीचे नियम मराठी शब्दांना लागतात आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. काना एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत, असंही होऊ शकतं. त्यामुळे अशा मजकुरात हायफनेशन बंदच ठेवा, किंवा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला, कारण शोधणं, बदलणं, शुद्धलेखन तपासणं हे सगळं त्यानंतरच नीट होतं.

आपोआप जमत नसेल तर ऐच्छिक हायफन वापरा. वर्ड आणि रायटर दोन्हींत कंट्रोल आणि हायफनची कळ दाबली की तो पडतो. शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच तो दिसतो, एरवी नाही. साधा हायफन हाताने टाकला तर मजकूर सरकल्यावर तो ओळीच्या मधोमध उघडा पडतो, याचं तसं होत नाही. टाकायची जागा काळजीपूर्वक निवडा. 'अर्थसंकल्पा' आणि 'विषयीच्या' यांच्या सांध्यावर तोड नैसर्गिक वाटते. व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये किंवा जोडाक्षराच्या पोटात कधीही टाकू नका. आणि हे काम सगळ्यात शेवटी, मजकूर पक्का झाल्यावर करा.

काही ठरावीक ओळींतच फट पडत असेल तर

तिथे पुन्हा खुणा पाहा. ठिपक्यांऐवजी छोटी वर्तुळं दिसली, तर त्या न तुटणाऱ्या जागा आहेत. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात त्या खूपदा येतात. त्यांनी जोडलेले दोन-तीन शब्द प्रोग्रॅमला एकच लांब शब्द वाटतात. तो गठ्ठा मावला नाही की पूर्णच्या पूर्ण खाली जातो. वर्डमध्ये 'स्पेशल'मधून 'नॉनब्रेकिंग स्पेस' शोधा आणि साधी जागा घाला. जिथे ती मुद्दाम घातलेली असते, उदाहरणार्थ 'डॉ.' आणि नाव यांच्यामध्ये किंवा आकडा आणि त्याचं एकक यांच्यामध्ये, तिथे ती राहू द्या. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने ती पुन्हा घालता येते.

वेबसाइटचा लांबलचक पत्ता ओळीत आला तरी तसंच होतं. पत्त्यातल्या तिरक्या रेघेनंतर शून्य रुंदीची तुटणारी जागा घाला. वर्डमध्ये इन्सर्ट, सिंबॉल, मोअर सिंबॉल्स, स्पेशल कॅरेक्टर्स इथे ती 'नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक' या नावाने आहे. पत्ता तिथे हायफनशिवाय तुटतो. मात्र तो पत्ता कोणी कॉपी करून वापरणार असेल तर ही अदृश्य जागाही सोबत जाते आणि पत्ता चालत नाही. फक्त कागदावर छापायच्या मजकुरातच हा उपाय करा.

आणि एक सवय, जी मराठी टायपिंगमध्ये फार दिसते: प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा स्वल्पविराम यांच्या आधी जागा सोडणं. डावीकडे लावलेल्या मजकुरात ते चालून जातं. जस्टिफाय केलं की ती जागाही ताणली जाते आणि प्रश्नचिन्ह वाक्यापासून दूर जाऊन उभं राहतं. कधी ते एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडतं. कंसाच्या आतल्या बाजूला सोडलेल्या जागांचंही हेच. फाइंड-रिप्लेसने 'जागा आणि ?' शोधून नुसतं '?' करा, मग उरलेल्या चिन्हांसाठी तेच. वर्डमध्ये वाइल्डकार्ड्सची खूण तेवढी काढलेली असू द्या, कारण ती चालू असताना ? याचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा होतो.

नीट केलेलं पुन्हा बिघडत असेल तर

बटण दाबून केलेलं जस्टिफाय फक्त त्या परिच्छेदाला चिकटतं. नवा मजकूर चिकटवला की तो स्वतःची मांडणी घेऊन येतो. म्हणून मांडणी स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीच्या संचात, ठेवा. वर्डमध्ये मुख्य मजकुरासाठी 'बॉडी टेक्स्ट' स्टाइल घ्या, तिच्यावर राइट क्लिक करून मॉडिफाय निवडा, जस्टिफाय करा, आणि सगळ्या मुख्य परिच्छेदांना तीच लावा. 'नॉर्मल' स्टाइल जस्टिफाय करण्याचा मोह टाळा. मथळ्यांच्या स्टाइल्स नॉर्मलवर बेतलेल्या असतात आणि तक्त्यांतला मजकूरही बहुधा नॉर्मलमध्येच असतो. नॉर्मल बदलली की दोन ओळींचे मथळे ताणले जातात आणि तक्त्यांच्या अरुंद रकान्यांत फटी पडतात. रायटरमध्ये एफ ११ दाबून स्टाइल्सची यादी उघडते. तिथेही मुख्य मजकुराची वेगळी स्टाइल असते, तीच बदला.

स्टाइलच्या चौकटीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' अशी एक खूण असते. ती चालू असेल तर एका परिच्छेदाला कंट्रोल-एल दाबलं की त्या स्टाइलचे सगळे परिच्छेद डावीकडे जातात. 'एक बदललं आणि सगळं बदललं' अशी तक्रार असेल तर आधी ही खूण काढा.

बाहेरून मजकूर आणताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय निवडून चिकटवा. आधीच चिकटवलेल्या परिच्छेदावर वर्डमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की हाताने केलेली परिच्छेदाची मांडणी जाते आणि स्टाइलची मांडणी परत येते. रायटरमध्ये त्यासाठी कंट्रोल-एम आहे, पण त्याने ठळक आणि तिरकं केलेलंही जातं, हे ध्यानात ठेवा.

कुठे जस्टिफाय करूच नये

तक्त्यांचे रकाने, मथळे, चित्रांखालच्या ओळी, कविता, छोट्या मुद्द्यांच्या याद्या आणि मोबाइलवर वाचायचा मजकूर. इथे डावीकडे लावलेला मजकूरच चांगला दिसतो आणि वाचायलाही सोपा जातो, कारण शब्दांमधलं अंतर कायम राहतं. वेबवरच्या सुगम्यतेसाठीचे डब्ल्यूसीएजी निकषही, त्यांच्या सर्वांत वरच्या पातळीवर, मजकूर दोन्ही समासांना भिडवू नये असंच सांगतात. वाचनात अडचण असणाऱ्यांना असमान फटींचा फार त्रास होतो. जस्टिफाय करणं नियमाने बंधनकारक नसेल आणि ओळ अरुंद असेल, तर डावीकडे लावलेलं पान हे अपुरं काम समजू नका.

दुसऱ्या संगणकावर बिघडत असेल तर

तुमच्याकडे सगळं जुळलंय आणि दुसरीकडे फाइल उघडल्यावर ओळी बदलल्या, तर तिथे बहुधा तो फॉन्टच नसतो. प्रोग्रॅम त्याजागी दुसरा फॉन्ट घेतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर खूण केली की, फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल तर, फॉन्ट फाइलसोबत जातो. रायटरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे तशीच खूण आहे. समोरच्याला फक्त वाचायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफ पाठवा. पाठवण्याआधी ती पीडीएफ शंभर टक्के आकारात उघडून पाहा. लहान आकारात पडद्यावर जागा कमीजास्त दिसतात, आणि त्या पाहून मूळ फाइलमध्ये हात घालण्याची गरज नसते. शंभर टक्क्यांवरही एखादी ओळ ताणलेली दिसली, तर मूळ फाइलमध्ये त्या ओळीच्या शेवटी कोणती खूण आहे ते पाहा.